अजून एक बस येतेय

युवाल्डी हे टेक्सासमधलं पंधराएक हजार वस्तीचं गाव. २४ मे २०२२ रोजी सकाळी तिथल्या रॉब प्राथमिक शाळेत बक्षीस समारंभ होता. उन्हाळ्याची सुट्टी दोन दिवसांवर आली होती. प्रमाणपत्रं हातात धरलेल्या पोरांचे फोटो काढून आईबाप आपापल्या कामाला गेले. त्यातलेच काही जण संध्याकाळी गावातल्या सिव्हिक सेंटरच्या हॉलमध्ये बसून होते. शाळेतल्या गोळीबारातून वाचलेल्या मुलांना बसमधून तिथे आणलं जात होतं. बस आली की पोरं उतरायची, ज्याचं त्याने पोटाशी धरून घरी न्यायचं. मग बस यायच्या थांबल्या. हॉलमध्ये जे उरले त्यांना सांगण्यात आलं, की अजून एक बस येतेय.

अशी बस नव्हतीच. अमेरिकेच्या न्याय खात्याने जानेवारी २०२४ मध्ये या घटनेवर जाडजूड अहवाल काढला, त्यात हे नमूद आहे. पोलीस ७७ मिनिटं वर्गाबाहेर थांबून राहिले, ही गोष्ट जगभर गाजली आणि गाजायलाच हवी होती. बसची गोष्ट फारशी कोणाला माहीत नाही. त्या हॉलमधल्या आईबापांच्या गालाच्या आतून डीएनएसाठी नमुने घेतले गेले, तरी स्पष्ट कोणी काही बोलेना. काहींना कळेपर्यंत मध्यरात्र व्हायला आली. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या होत्या.

मी कनेक्टिकट राज्यात एका प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गावर मदतनीस आहे. जॅकेटच्या चेनी लावणं, नाकं पुसणं, वाचनात मागे पडलेल्या दोघा-तिघांना कोपऱ्यात घेऊन बसणं, हे माझं काम. माहेर सातारा जिल्ह्यातलं. आमच्या शाळेपासून गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर न्यूटाऊन आहे आणि न्यूटाऊनमध्ये सँडी हुक. डिसेंबर आला की महाराष्ट्रातले नातेवाईक, मैत्रिणी मला हमखास विचारतात, की तुमच्याकडे हे बंदुकांचं थांबत का नाही? त्याचं उत्तर मी एका दमात देते. सँडी हुकच्या शाळेत २० मुलं मारली गेल्यानंतर चार महिन्यांनी, १७ एप्रिल २०१३ला, बंदूक घेणाऱ्याची पूर्वचौकशी वाढवण्याचा साधा प्रस्ताव सिनेटमध्ये आला. बाजूने ५४ मतं पडली, लागत होती ६०. बहुमत असून हरले. त्यावर आणखी काय बोलायचं? मला बोलायचंय ते गोळीबार थांबल्यानंतरच्या पाच-सात तासांबद्दल. सिनेट काही करो न करो, ते तास आपल्या हातात असतात आणि तिथेही आपण माती खातो.

१४ डिसेंबर २०१२, शुक्रवार. नाताळ जवळ आलेला, आमच्या वर्गात कागदी बर्फफुलं कापणं चाललं होतं. दहा वाजून गेल्यावर कधीतरी स्पीकरवरून सूचना आली, की दारं आतून लावून घ्या, मुलांना वर्गाबाहेर सोडू नका. कारण सांगितलं नाही. बाईंनी मला डोळ्यांनीच विचारलं, मी खांदे उडवले. फोन पर्समध्ये, पर्स कपाटात. पोरं कात्र्या चालवत होती. थोड्या वेळाने बाईंनी फोन काढून पाहिला आणि परत ठेवून दिला, तो इतक्या हळू, की मी विचारलंच नाही.

तिकडे सँडी हुकमध्ये साडेनऊच्या सुमारास वीस वर्षांचा एक तरुण शाळेच्या बंद दाराशेजारची काच गोळ्यांनी फोडून आत शिरला होता. निघण्याआधी त्याने घरी आपल्या आईला मारलं होतं. मुख्याध्यापिका डॉन हॉकस्प्रंग आणि शाळेच्या मानसतज्ज्ञ मेरी शेरलॅक आवाज ऐकून बाहेर धावल्या, त्या तिथेच पडल्या. पहिलीच्या दोन वर्गांमधली २० मुलं, सहा-सात वर्षांची. मोठी माणसं सहा, सहाही बायका. हे सगळं काही मिनिटांत आटोपलं. रुग्णवाहिका रांगेने येऊन उभ्या राहिल्या आणि बहुतेक रिकाम्याच राहिल्या. जाणत्यांना एवढ्यावरूनच कळलं.

शाळेच्या रस्त्याच्या तोंडाशी गावच्या स्वयंसेवकांचं अग्निशमन केंद्र आहे. दर डिसेंबरात तिथे नाताळची झाडं विकायला ठेवतात. त्या दिवशीही होती. लांबवर गाड्या सोडून आईबाप पळत आले ते त्या झाडांमधून वाट काढत. आत मुलं वर्गवार बसवलेली. शिक्षिका हजेरी घेतायत, पालक सही करून मूल नेतायत. गर्दी पातळ होत गेली. पहिलीचे ते दोन वर्ग मात्र कुठे दिसेनात. ज्यांची मुलं मिळाली नाहीत त्यांना मागच्या खोलीत बसवलं. पाद्री आले, रब्बी आले, खायचं आलं, अधिकारी आत-बाहेर करत राहिले. सगळे हळू आवाजात बोलत होते आणि जे बोलायला हवं ते कोणी बोलत नव्हतं.

दुपारपर्यंत हे असंच चाललं. शेवटी सांगितलं ते राज्याचे गव्हर्नर डॅनेल मलॉय यांनी. पुढे अनेक मुलाखतींत त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. खोलीत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की या लोकांना अजून कोणीच काही सांगितलेलं नाही. नियम असा, की ओळख पटल्याशिवाय सांगायचं नाही. आणि ओळख पटवण्याचं काम दुसऱ्या दिवसापर्यंत लांबण्याची चिन्हं होती. तोवर या लोकांना असंच बसवून ठेवायचं? मलॉय यांनी नियम बाजूला ठेवला. कोणाचंही नाव न घेता ते एवढंच म्हणाले, की आत्तापर्यंत ज्यांना आपलं माणूस भेटलेलं नाही, त्यांना ते आता भेटणार नाही.

त्यांच्या सांगण्याच्या पद्धतीवर नंतर टीका झाली. फार कोरडेपणाने सांगितलं, हे काम त्यांचं नव्हतं, वगैरे. माझ्या मते त्या दिवशी त्या इमारतीत एका राजकारण्याने केलेलं सर्वांत माणुसकीचं काम तेच होतं. (राजकारण्याबद्दल असं लिहिण्याची वेळ माझ्यावर क्वचित येते, म्हणून लिहून ठेवते.)

नियम मूर्खांनी केलेले नसतात, हे मला मान्य आहे. त्या सकाळी सहा मुलं शाळेतून पळून जवळच्या एका निवृत्त गृहस्थांच्या अंगणात जाऊन बसली होती. त्यांनी मुलांना घरात घेतलं, रस प्यायला दिला, आईबापांना फोन लावले. म्हणजे हजेरीत न सापडलेलं प्रत्येक मूल गेलंच, असं सकाळी अकराला कोणी छातीठोक सांगू शकलं नसतं. जिवंत पोराच्या आईला ते गेल्याचं सांगणं यापेक्षा भयंकर चूक कुठली? पण ज्याची खात्री आहे ते न सांगणं वेगळं. शाळेची इमारत पुन्हा पुन्हा तपासून झाली, आता आत कोणी जिवंत नाही, आणखी मुलं यायची नाहीत, हे ओळख पटण्याच्या कितीतरी आधी बाहेरच्या अधिकाऱ्यांना ठाऊक होतं. तेवढं सांगायला कुणाचं नाव माहीत असावं लागत नाही.

स्कॉटलंडमधल्या डनब्लेनला १३ मार्च १९९६ रोजी असंच झालं होतं. शाळा भरल्यावर थोड्याच वेळात गोळीबार, १६ चिमुरडी मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मृत. आणि काही आईबापांना दुपारपर्यंत पत्ता नाही. देश वेगळे, दशकं वेगळी, पण बंद खोली तीच आणि कुजबुजही तीच. युवाल्डीत तर न्यूटाऊननंतर दहा वर्षांनी घडलं. दहा वर्षांत या देशाने शाळांना बुलेटप्रूफ काचा विकल्या, मुलांना अंधारात गप्प बसायला शिकवलं. आईबापांना खरं सांगायला मोठ्यांना कोणी शिकवलं नाही.

मला हे इतकं लागतं याचं एक कारण घरचं आहे. नाना, माझे वडील, गेले तेव्हा दादाचा फोन आला, ‘‘नाना जरा जास्त आहेत, तू निघ.’’ आपल्याकडे मर्तिकाचा निरोप असाच देतात. गेले म्हणत नाहीत, जास्त आहेत म्हणतात, ऐकणाऱ्याने ओळखायचं. मी नाही ओळखलं, किंवा ओळखायचं नव्हतं. न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्यांच्यासाठी आतून लोकर असलेल्या सपाता घेतल्या. विमानात डॉक्टरांना विचारायचे प्रश्न डायरीत लिहून काढले: क्रिएटिनिन किती, ऑक्सिजन किती लिटर, पुण्याला हलवायचं का. गाडी गावच्या वळणावर आली आणि पारावर पांढऱ्या टोप्या घालून बसलेली माणसं दिसली. माझ्याकडे बघून त्यांनी बोलणं थांबवलं. विमान मुंबईला उतरलं तेव्हाच नानांना नेऊन झालं होतं.

दादाने मायेपोटीच तसं सांगितलं, यात शंका नाही. बाईमाणूस एकटी एवढ्या लांबून येणार, वाटेत काही झालं तर? आई आजही म्हणते, दादाने बरोबरच केलं. मला मात्र ते प्रश्न आठवले की अजून राग येतो. ज्या तासांत मी रडायला हवं होतं त्या तासांत मी क्रिएटिनिनचा हिशेब करत होते.

भावाने बहिणीशी असं वागणं एक वेळ समजून घेता येईल. तो तिला ओळखतो, उद्या तिच्या शेजारी बसणार असतो, तिचा राग सोसणार असतो. गणवेशातला परका माणूस जेव्हा ‘‘अजून एक बस येतेय’’ म्हणतो तेव्हा त्याला फक्त त्या खोलीतून सुटायचं असतं. समोरच्या बाईचा पहिला टाहो आपल्या पाळीत फुटू नये, एवढंच त्याला हवं असतं. त्याला आपण दया म्हणतो, धीर देणं म्हणतो. मी त्याला अंग काढून घेणं म्हणेन.

११ जुलै २००६ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा माझा मावसभाऊ शेजारच्या काकांना शोधत रात्रभर या रुग्णालयातून त्या रुग्णालयात फिरत होता. पावसाळी रात्र, गर्दी, फोन लागत नव्हते. रुग्णालयांबाहेर हाताने लिहिलेल्या याद्या चिकटवलेल्या: जखमी एकीकडे, मृत एकीकडे, आणि काही ओळींत नुसतं ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४५’. तो मोबाइलच्या उजेडात यादीवरून बोट फिरवायचा. मागचा माणूस म्हणायचा, सरका, आम्हालाही बघू द्या. कोणी हात धरला नाही, पाणी विचारलं नाही. अमेरिकेत ऐकणारे शहारतात, इतका तो प्रकार उघडाबोडका. पण मावसभाऊ म्हणतो, यादी खोटं बोलली नाही. पहाटे काकांचं नाव सापडलं. जखमींच्या यादीत सापडलं हे त्यांचं नशीब. दुसऱ्या यादीत असतं तरी ते पहाटेच कळलं असतं.

न्यूटाऊनने इतर काही गोष्टी मात्र फार नेटक्या केल्या आणि त्याही सांगायला हव्यात. राज्याचे प्रमुख वैद्यकीय परीक्षक वेन कार्व्हर यांनी मृतदेह आईबापांसमोर ठेवले नाहीत. चेहऱ्यांचे फोटो काढून त्यावरून ओळख पटवली. शनिवारी पत्रकारांसमोर त्यांनी ते सरळ शब्दांत सांगितलं. प्रत्येक कुटुंबामागे राज्य पोलिसांचा एक शिपाई दिला: दाराशी उभा राहायला, फोन घ्यायला, वार्ताहरांना फाटकाबाहेर ठेवायला. जून २०१३ मध्ये राज्याने कायदाच करून त्या वर्गातली छायाचित्रं बाहेर येण्याचा रस्ता बंद केला. खरं सांगा म्हणणं आणि सगळं दाखवा म्हणणं यात मी गफलत करत नाही. आईला मूल गेल्याचं स्वच्छ शब्दांत सांगावं आणि मुलाचा देह जगापासून झाकावा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात. कनेक्टिकटने दुसरी उत्तम केली, पहिलीत मात्र गव्हर्नर येईपर्यंत दिवस घालवला.

याच्या नेमकं उलटं त्या दिवशी टीव्हीवर चाललं होतं. खोलीतल्या आईबापांना कोणी काही सांगेना आणि बाहेर जगाला नको ते सगळं घाईने सांगितलं जात होतं. हल्लेखोर म्हणून वाहिन्यांनी आधी त्याच्या मोठ्या भावाचं नाव घेतलं. तो बिचारा दुसऱ्या राज्यात, आपल्या नोकरीच्या गावी. त्याचा फेसबुकवरचा फोटो फिरत राहिला. हल्लेखोराची आई त्याच शाळेत शिकवायची, अशीही बातमी झाली, तीही खोटी. आमच्याकडची दुपार म्हणजे पुण्यात रात्र. जाऊबाईंचा फोन आला, ‘‘अगं, तो मुलगा दाखवतायत बघ, किती साधा दिसतो!’’ त्या बघत होत्या तो फोटो भावाचाच होता, हे मला रात्री कळलं. त्यांना ते अजूनही कोणी सांगितलं नसेल.

खोट्याचं पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. ॲलेक्स जोन्स नावाच्या इसमाने वर्षानुवर्षं सांगितलं, की सँडी हुकमध्ये काही घडलंच नाही, रडणारे आईबाप नट आहेत. लोकांनी त्या आईबापांना धमक्या दिल्या, त्यांचा पिच्छा पुरवला. ऑक्टोबर २०२२ मध्ये वॉटरबरीच्या न्यायालयात ज्यूरीने त्याला सुमारे ९६.५ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. मूल गेल्याचं ज्यांना तासन्‌तास कोणी सांगत नव्हतं, त्यांनाच पुढे दहा वर्षं ते गेल्याचं जगाला पटवून द्यावं लागलं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी न्यूटाऊनच्या सेंट रोझ चर्चमध्ये गेले होते. म्हणजे चर्चबाहेर; आत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या आणि लोक बाहेर गवतावर थंडीत उभे राहून आतलं ऐकत होते. माझ्या शेजारच्या बाईने खिशातून हात शेकायच्या दोन पुड्या काढल्या, एक माझ्या हातात दिली. मी हिंदू आहे का, कुठली आहे, इथे का आले, काही विचारलं नाही. तिच्या जॅकेटच्या बाहीवर पाइनच्या सुया अडकल्या होत्या. सकाळी ती अग्निशमन केंद्रावर असावी, असं मला वाटलं. मीही विचारलं नाही. आतून नावं ऐकू येत नव्हती, कारण जाहीर व्हायला दुसरा दिवस उजाडणार होता. पण आजूबाजूला एकेक नाव कुजबुजलं जात होतं. गावाला कळलं होतं. गावाला नेहमीच आधी कळतं.

नंतर जगातून खेळण्यांचे ढीग आले. सत्तावीस-अठ्ठावीस हजार वस्तीच्या गावात साठ हजारांहून जास्त अस्वलं. गावाला ती ठेवायला गोदाम लागलं, मोजायला माणसं लागली. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण अस्वल पाठवणं सोपं, म्हणून ती इतकी आली.

आमच्या शाळेतही आता आणीबाणीची योजना आहे, मुलं पालकांच्या ताब्यात कशी द्यायची याची. चांगली योजना आहे, देशभर वापरतात तीच. पालकाने एक कार्ड भरायचं, ते मधोमध फाडायचं, अर्धं घेऊन एक जण आत जाऊन मूल घेऊन येतो. ज्याचं मूल आणता येणार नाही अशा पालकाला गडबड न करता दुसऱ्या खोलीत न्यायचं, असंही त्यात लिहिलंय. मी ते पान उलटून पाहिलं. खोलीत नेल्यावर पुढे काय, तर पुढचं पान वाहनतळाचं.

गेल्या महिन्यात सुरक्षा समितीच्या बैठकीत मी विचारलं, त्या खोलीत बोलणार कोण? पोलीस खात्याचा माणूस म्हणाला, तेव्हाच्या परिस्थितीनुसार ठरेल. मी म्हटलं, युवाल्डीतही परिस्थितीनुसारच ठरलं होतं. मुख्याध्यापिकांनी पेन काढलं आणि नाव कोणाचं घालू, असं विचारलं. टेबलाभोवती सगळ्यांनी कागद चाळायला घेतले. मग शाळेची नर्स म्हणाली, माझं घाला, पण आधी मला हे कोणीतरी शिकवा, आणि माझ्याबरोबर अजून एक जण पाहिजे. दुसरं नाव माझं घातलं आहे. इतिवृत्तात तशी नोंद झाली. शिकवणीचा खर्च कुठल्या खात्यातून करायचा, हा विषय जानेवारीच्या बैठकीत आहे.